शिसवी कमरेत का मोडते?

गेल्या अंकात गिटारच्या बाजूंची फळी रंध्यानं पातळ कशी करायची ते लिहिलं होतं. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: फळी पातळ झाली, आता ती वाकवायची कशी? म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न मागे ठेवून फक्त बाजू वाकवण्याबद्दल बोलू. बाजू म्हणजे गिटारच्या खोक्याची वळणदार भिंत, ती तापलेल्या पाइपावर टेकवून वाकवतात, आणि खोक्याचा मधला अरुंद भाग म्हणजे कंबर. नव्या वाचकांसाठी दोन ओळी. माझे वडील, आण्णा, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचे. त्यांच्याच बाकावर मी रंधा धरायला शिकले आणि गेली १९ वर्षं त्याच बाकावर गिटारी करते.

प्रश्न: शिसवीच्या बाजू दोन दिवस हौदात भिजवल्या, पाइप गॅसवर लालबुंद तापवला, तरी एकामागोमाग तीन बाजू कमरेतच मोडल्या, दोन आरपार गेल्या, एकीला नुसतं सालपट उचललंय. लाकूड खराब आहे की माझा हात? मोडलेला तुकडा सोबत पाठवतोय. (एक वाचक, इचलकरंजी)

दादा, तुकडा पाठवलात ते फार बरं केलंत. नुसत्या पत्रावरून मी अंदाजच बांधत बसले असते. तुकडा हातात आल्यावर आधी व्हर्नियर लावला. टोकाजवळ जाडी २.१ मिलिमीटर, आणि जिथं मोडला तिथं २.७. रंधा मारताना टोकांना हात जड पडला, मधे हलका पडला. अर्धा-पाऊण मिलिमीटरनं काय होतंय असं वाटेल, पण फळीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २.१ आणि २.७ चा हिशेब करून बघा, तुमची फळी कमरेत टोकापेक्षा दुपटीहून जास्त ताठ होती. म्हणजे सगळ्यात मोठं वळण जिथं घ्यायचं तिथंच ती वळायला सगळ्यात नाखूश होती. शिसवीची बाजू मी सगळीकडे २ मिलिमीटरवर आणते आणि चार-चार बोटांवर मापत जाते. मधला भाग मापायला व्हर्नियरचे जबडे पोचत नाहीत, त्यासाठी खोल तोंडाचं जाडीमाप मिळतं, ते घ्या.

दुसरं म्हणजे मोड सरळ आडवी नाही. तिरकी आहे आणि तिच्या तोंडाशी एक लांब सालपट उचललं गेलंय. तुकडा कडेनं उजेडात धरून बघितला तर तंतू फळीच्या तोंडाला समांतर न जाता तिरके जाऊन बाहेर पडताना दिसतात. तंतू जिथं बाहेर पडतो तिथून चीर धरते, मग कितीही हळू वाकवा. हे पाइपजवळ जायच्या आधी कळू शकतं. बाजू कापल्यावर जो उरलेला तुकडा असतो तो पटाशीनं फोडा, करवतीनं कापू नका. फुटलेलं तोंड फळीला समांतर आलं तर निर्धास्त राहा. तिरकं आलं तर ती फळी दुसऱ्या कामाला ठेवा.

तिसरी गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीत, लालबुंद पाइप. लोखंड उजेडात लाल दिसायला लागलं म्हणजे ते सहाशे अंशांच्या वर गेलेलं असतं. आपल्याला हवेत दीडशे ते दोनशे. तुमच्या तुकड्याचं पाइपला टेकलेलं तोंड कोळशासारखं काळं झालंय, आणि मी तो आडवा कापून बघितला तर आतलं लाकूड होतं तसं आहे. वरची कातडी करपली, आत ताव पोचलाच नाही. पाइप झालाय का हे बघायला ओल्या बोटांनी पाणी शिंपडा. थेंब जागच्या जागी चर्र करून उडून गेला की पाइप तयार. थेंब मोत्यासारखा गोळा होऊन पाइपवरून पळत सुटला की पाइप जास्त तापलाय, ज्योत बारीक करा आणि दोन मिनिटं थांबा. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतला रस पाण्यात सोडून गोळी धरतेय का बघतो, तशीच ही परीक्षा आहे. थर्मामीटर माझ्याकडेही आहे, पण पाइपवर काम चालू असताना मी थेंबच बघते.

आता मुळात लाकूड का वाकतं ते सांगते, म्हणजे पाण्याचा घोळ सुटेल. लाकडाचे तंतू एकमेकांना ज्या पदार्थानं धरून ठेवलेले असतात त्याला लिग्निन म्हणतात. तापलं की ते मऊ होतं, तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात, आणि निवल्यावर नव्या जागी पुन्हा घट्ट होतात. कोरड्या लाकडात त्याला बराच जास्त ताव लागतो. ओल असली की शंभर अंशांच्या आसपासच ते नरमायला लागतं. म्हणजे वाकवते ती उष्णता. पाण्याचं काम ती उष्णता वाफेनं आत पोचवायचं आणि वरचं तोंड करपू न द्यायचं. एवढ्यासाठी दोन दिवस हौद लागत नाही. २ मिलिमीटरच्या फळीला दहा-पंधरा मिनिटं पाण्यात पुरे, नंतर काम चालू असताना फवाऱ्याच्या बाटलीनं पाणी मारत राहायचं. दोन दिवस भिजवलेल्या शिसवीचा रंग पाण्यात उतरतो, आणि फळी फुगून वाळताना रुंदीत पन्हळीसारखी वळते. तुमच्या तुकड्याला ती पन्हळ आहे. सरळ पट्टी आडवी ठेवून बघा, मधे उजेड दिसेल.

आणि कमरेतच का मोडते? तापलेलं ओलसर लाकूड दाबलं तर खूप दबतं, पण ताणलं तर जेमतेम एक-दोन टक्केच ताणतं. फळी वाकली की आतलं तोंड दबतं आणि बाहेरचं ताणलं जातं. वळण जितकं लहान आणि फळी जितकी जाड, तितका ताण जास्त. कमरेचं वळण लहान, म्हणून तिथं ताण त्या एक-दोन टक्क्यांच्या काठावर येऊन उभा राहतो. यावर जुना उपाय आहे, पाठीमागून पत्रा. ०.३ मिलिमीटरची स्टेनलेसची पट्टी, बाजूइतकी रुंद, दोन्ही टोकांना लाकडी मुठी लावलेली. ती फळीच्या पाइपापासून दूरच्या तोंडावर ताणून धरायची. ताण पत्रा घेतो आणि लाकूड फक्त दबतं. साधा लोखंडी पत्रा वापरू नका. शिसवी, सागवान, महोगनी यांत टॅनिन असतं, ओल्या लाकडाला लोखंड लागलं की शाई सांडल्यासारखे काळे डाग पडतात आणि ते खोलवर जातात.

एक लक्षात ठेवा. कमरेत गिटारचं दिसणारं तोंड पाइपला टेकतं, आणि कमरेच्या वरच्या-खालच्या फुगीर घेरात आतलं तोंड टेकतं. म्हणजे पत्रा कमरेत आतून येतो आणि घेरात बाहेरून. सुरुवातीला इथं हमखास गोंधळ होतो. म्हणून दोन्ही फळ्यांवर पिवळ्या पेन्सिलीनं कमरेची रेघ ओढा आणि ‘बाहेर’, ‘मान’, ‘शेपूट’ (म्हणजे गिटारचं खालचं टोक) असं मोठ्या अक्षरात लिहा. दोन्ही बाजू आरशासमोर धरल्यासारख्या उलट-सुलट हव्यात. दोन डाव्या बाजू वाकवून ठेवलेल्या मी विद्यार्थ्यांच्या हातात पाहिल्यात.

मग पाइप. मी कमरेपासून सुरू करते, कारण कंबर जिथं पडेल त्यावर बाकीचं सगळं ठरतं. फळी ओली करून कमरेची रेघ पाइपावर टेकवायची, पत्रा मागून ताणायचा आणि हातानं काहीही करायचं नाही. नुसता फळीचा भार द्यायचा, आणि पाळणा हलवावा तशी दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं डोलवत राहायची म्हणजे एकाच रेघेवर वळण बसत नाही. पहिलं मिनिटभर काहीच होत नाही. वाफ येते, चर्र आवाज येतो, शिसवीचा गोडसर वास दरवळतो, पण फळी हाताला लोखंडासारखी ताठ लागते. इथंच माणूस जोर लावतो. लावू नका. आणखी थोडं थांबलात की हाताखाली एकदम काहीतरी सुटल्यासारखं होतं, ओल्या सुंभाची गाठ सैल पडावी तसं, आणि फळी आपल्या भारानं पाइपावर निजायला लागते. ती जेवढी निजेल तेवढंच तिच्याबरोबर जायचं. चर्र आवाज थांबला म्हणजे पाणी संपलं. फळी उचला, फवारा मारा, पुन्हा टेकवा. वळण गिटारच्या आकाराच्या साच्याला लावून बघत बघत एका बाजूला मला पाऊण तास लागतो, पहिल्यांदा करणाऱ्याला दोन तास लागले तरी चालतील.

हे मी इतक्या कळकळीनं लिहितेय त्याला कारण आहे. चार वर्षांपूर्वी गडहिंग्लजकडचे एक गृहस्थ आजोबांच्या पलंगाची उशाकडची शिसवी फळी घेऊन माझ्याकडे आले. आजोबा गेले, पलंग वाळवीनं खाल्ला, ही एकच फळी धड राहिली. मुलगी गिटार शिकतेय, तिला यातून करून द्या म्हणाले. फळी करवतीवर घेतली तेव्हा आतून जांभळट काळ्या रेषा अशा निघाल्या की मी आणि माझा मदतनीस दोघंही काही न बोलता बघत बसलो. बाजू वाकवायला घेतल्या तो ऑगस्टचा दिवस, धो धो पाऊस, वीज सारखी जात होती. माझा पाइप विजेवरचा. वीज गेली की पाइप निवायचा, आली की पुन्हा तापेपर्यंत थांबायचं. चौथ्यांदा वीज आली तेव्हा पाइप पुरता तापायची वाट न बघता मी फळी टेकवली. खालच्या घेराचं थोडंच वळण राहिलं होतं. पत्रा लावलेला, फळी ओली, सगळं बरोबर, फक्त ताव कमी आणि माझ्या हाताला घाई. ‘कट्’ असा बारीक आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. त्या आवाजानंतर मी पाइप बंद केला आणि तासभर दुकानाच्या पायरीवर पाऊस बघत बसले. संध्याकाळी त्या गृहस्थांना फोन करून खरं ते सांगितलं. फळीत आणखी एक बाजू निघण्याएवढी रुंदी उरली होती म्हणून ती गिटार पुरी झाली, नाहीतर मी कुठल्या तोंडानं ती पोरीच्या हातात दिली असती? तेव्हापासून लाकूड कुठलंही असो, मी दोन बाजूंसाठी तीन फळ्या काढते.

तुमच्या तीन बाजूंपैकी ज्या एकीला नुसतं सालपट उचललंय आणि चीर आरपार नाही असं लिहिलंत, ती टाकू नका. पूर्ण वाळू द्या. मग सालपटाखाली पातळ सुपरग्लू सोडा, मेणकागद ठेवून साच्यात क्लॅम्प करा आणि आतून सुती कापडाची पट्टी सरसात भिजवून चिकटवा. मोड आतल्या तोंडाला असेल तर बाहेरून कुणाला दिसणारही नाही. आरपार गेलेल्या दोन मात्र सरावासाठी वापरा.

प्रश्न: पाइप कोणता घ्यावा आणि तापवावा कशानं? हीट गननं किंवा कपड्यांच्या इस्त्रीनं काम होईल का? (एक वाचक, सातारा)

ॲल्युमिनियमचा पाइप, अडीच ते तीन इंच व्यासाचा, भिंत ५-६ मिलिमीटर जाड. जाड भिंत उष्णता धरून ठेवते, ओली फळी टेकली की लगेच निवत नाही. लांबी फळीच्या रुंदीपेक्षा जास्त हवी, वीतभर तरी. कोल्हापुरात असाल तर उद्यमनगरात भंगारवाल्याकडे किलोच्या भावात असे तुकडे मिळतात, साताऱ्यातही एमआयडीसीच्या आसपास विचारा. मेणकट काळी साय असेल तर कानस मारून, पॉलिश पेपर लावून तोंड आरशासारखं करा, पाइपावरचा प्रत्येक खड्डा लाकडावर उमटतो. पाण्याच्या नळाचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप घेऊ नका, त्याला थेट ज्योत लागली की जस्ताचा धूर निघू शकतो आणि तो छातीला वाईट.

पाइप बाकाच्या कडेला शिकंज्यात आडवा घट्ट बसवा आणि मागच्या तोंडातून गॅसच्या टॉर्चची बारीक ज्योत आत सोडा. शिकंजा आणि पाइप यांच्यामध्ये लाकूड घालू नका, पेट घेईल. दार-खिडक्या उघड्या, हाताशी पाण्याची बादली. विजेवर करायचं असेल तर पाइपाच्या आत बसणारा कार्ट्रिज हीटर आणि थर्मोस्टॅट बसवून घ्या, पण ते काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच, आणि पाइपाला अर्थिंग हवंच हवं. तुमच्या हातात ओलं लाकूड आणि ओला पत्रा असणार आहे हे विसरू नका.

हीट गन फळीचं वरचं तोंड वाळवते, आत ताव पोचवत नाही, आणि वळणाला टेकायला काही आधारही देत नाही. इस्त्री मात्र जवळ ठेवा. वाकवल्यावर फळीला पन्हळ आली तर ओलं फडकं घालून इस्त्री फिरवायची आणि दोन सपाट फळकुटांमध्ये दाबून ठेवायचं. आमच्या घरची जुनी इस्त्री आता कायमची दुकानात असते.

प्रश्न: मिरजेत तंबोरे होताना पाहिले. तिथं काहीच वाकवत नाहीत, भोपळ्यालाच आकार असतो. सरोद तर अख्ख्या लाकडातून कोरतात. मग गिटारच्या बाजूही जाड लाकडातून कोरून का काढत नाहीत? (एक वाचक, सांगली)

फार चांगला प्रश्न. मिरजेला मी दरवर्षी जाते, तिथल्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आमच्या दुकानातही पेढे वाटले होते.

भोपळा वेलीवर वाढतानाच गोल होतो, त्याची साल सलग असते. त्याचा आकार कुणी वाकवून किंवा कोरून काढलेला नाही, म्हणून तो पातळ असून टिकतो. सरोद कोरतात, पण त्याच्या भिंती बऱ्यापैकी जाड ठेवतात. गिटारची बाजू २ मिलिमीटर. एवढी पातळ भिंत कोरून काढली तर काय होईल ते लाकडाची रेषा बघून कळेल. तंतू सरळ जाणार आणि भिंत वळत जाणार. कमरेच्या दोन्ही अंगांना आणि शेपटाजवळ तंतू भिंतीला आडवे येतील, दोन-दोन मिलिमीटरचे तुकडे एकमेकांना चिकटून उभे असल्यासारखे. बिस्किटासारखं मोडेल ते. वाकवलेल्या बाजूत तोच तंतू मानेपासून शेपटापर्यंत सलग घेर घेत जातो. म्हणून ती पातळ, हलकी आणि तरी मजबूत राहते. व्हायोलिनच्या बाजू तर साधारण १ मिलिमीटरच्या, त्याही अशाच तापवून वळवतात. आणि आपल्याकडे बुरूड लोक बांबूच्या पातळ कामट्या वळवून सूप-टोपल्या विणतात ते याच समजुतीवर: तंतू तोडायचा नाही, त्याला वळवून घ्यायचं.

प्रश्न: बाजू साच्याला बरोबर बसली होती. दुसऱ्या दिवशी बाहेर काढली तर वळण उघडलेलं. आता पावसाळा सुरू झालाय, काम थांबवू का? (एक वाचक, कुडाळ)

वळण थोडं उघडणारच. आण्णा बिडाचं ओतकाम असलं की पॅटर्न शंभर मिलिमीटरला एक मिलिमीटर मोठा करायचे, कारण धातू निवताना तेवढा आकसतो. लाकूड उलट्या अंगानं तसंच करतं, निवून वाळताना वळण सोडतं. म्हणून कमरेचं वळण साच्यापेक्षा किंचित जास्त घ्यायचं. किती, ते त्या लाकडाचा उरलेला तुकडा आदल्या दिवशी वाकवून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. शिसवी एकदा वळली की बरीचशी तशीच राहते. महोगनी माझ्या हाताला जास्त उघडते.

तुमचं चुकलंय ते बहुतेक वेळेत. एका रात्रीत काढली, तेव्हा आत ओल होती. कोकणात या दिवसांत हवाच इतकी दमट की एका रात्रीत काही वाळत नाही. फळी साच्यात तीन-चार दिवस राहू द्या. आता जेवढं उघडलंय तेवढ्यासाठी पुन्हा भिजवायची गरज नाही. पाइप तापवा, उघडलेला भाग कोरडाच, नुसता ओलसर फडक्यानं पुसून, पाइपावर हलके डोलवा आणि तापलेला असतानाच साच्यात धरून निवू द्या. निवेपर्यंत हातानं धरून ठेवणं महत्त्वाचं, कारण वळण पक्कं होतं ते निवताना.

पावसाळ्याबद्दल: वाकवायला हरकत नाही, चिकटवायला आहे. पाठ आणि वरची फळी जुलैच्या हवेत फुगलेली असताना बाजूंना चिकटवलीत, तर मार्च-एप्रिलमध्ये हवा कोरडी झाली की त्या आकसतात आणि कडा बाजूंना पक्क्या असल्यामुळे मधून तडकतात. चिकटवताना खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के हवी. आर्द्रतामापक फार महाग नसतो, तो आधी घ्या. मी जून ते सप्टेंबर बाजू वाकवून, साच्यात बसवून, मानेचा आणि शेपटाचा ठोकळा लावून ठेवते आणि पाठ-टॉप दसऱ्यानंतर चिकटवते. घाईचं गिऱ्हाईक असलंच तर बंद कपाटात ओलावा शोषणारं यंत्र लावून.

प्रश्न: शिसवी परवडत नाही. बाजू सागवानाच्या किंवा फणसाच्या केल्या तर आवाज बिघडेल का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

नाही बिघडणार, ताई. स्पेनचे आंतोनियो दे तोरेस, ज्यांच्या घडणीवर आजची क्लासिकल गिटार उभी आहे, त्यांनी १८६२ साली एका गिटारच्या पाठ-बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. आवाजाचं मुख्य काम वरची फळी करते हे त्यांना दाखवायचं होतं. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. बाजूंच्या लाकडाचा आवाजाशी संबंधच नाही असं मी म्हणणार नाही, पण पहिल्या गिटारला शिसवी नाही म्हणून रडू नका.

सागवान चांगलं वाकतं. तेलकट असतं, म्हणून चिकटवायच्या आधी जोडाची जागा स्पिरिटनं पुसून लगेच चिकटवा. फणस मला आवडतो, पिवळाधमक रंग काळानुसार गडद होत सुंदर दिसतो, पण गाठ नसलेली, सरळ रेषेची फळी शोधावी लागते. टिंबर मार्केटमध्ये जाड फळीच्या टोकाला बघून निवडा, टोकावर रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. जुन्या वाड्यांचं उतरवलेलं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं, फक्त करवतीआधी खिळे शोधा. आणि शिसवी घ्यायचीच झाली तर पावती असलेलीच घ्या. शिसवीच्या डालबर्जिया गटातली सगळी झाडं २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रणाखाली आहेत. तयार वाद्यांना २०१९ मध्ये सवलत मिळाली, कच्च्या लाकडाला नाही.

थोडक्यात उत्तरं

कटअवे, म्हणजे मानेजवळ एका अंगाला आत वळवलेली खाच, असलेली पहिलीच गिटार करू का, असं तिघांनी विचारलंय. नको. ते वळण कमरेपेक्षाही लहान, त्याला दीड इंची पाइप लागतो आणि मोडण्याची भीती सगळ्यात जास्त. तिसरी गिटार करताना करा.

दोन पातळ थर साच्यावरच चिकटवून बाजू करणं ही फसवणूक आहे का? अजिबात नाही. कितीतरी नावाजलेले कारागीर तसं करतात, बाजू ताठ होते आणि तडकत नाही.

फॉक्स बेंडर घ्यावा का? चार्ल्स फॉक्स या अमेरिकन कारागिराच्या नावानं ओळखला जाणारा हा साचा म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फळी, सोबत तापणारी सिलिकॉनची चादर, आणि वरून स्क्रूनं कंबर खाली दाबायची. वर्षाला दहा-बारा गिटारी करणार असाल तर उत्तम, दोन्ही बाजू हुबेहूब येतात. एकच करायची असेल तर पाइप. आणि बेंडर घेतलात तरी शेवटची दुरुस्ती पाइपावरच करावी लागते.

प्रश्न: माझ्या १४ वर्षांच्या मुलाला हा नाद लागलाय. तापलेला पाइप, गॅस, मला धास्ती वाटते. करू द्यावं का? (एक आई, कोल्हापूर)

ताई, करू द्या, पण एकट्याला नाही. टॉर्च पेटवणं-विझवणं मोठ्या माणसानं करायचं, हे आधीच ठरवा. शिसवी रंधताना आणि घासताना तोंडाला मास्क हवा, तिच्या भुशानं अनेकांच्या अंगाला खाज उठते, दम लागतो. सुती कपडे, लांब केस असतील तर बांधलेले, पायात बूट.

पहिल्या दिवशी त्याला गिटारची फळी देऊ नका. फळांच्या पेट्यांच्या लाकडाच्या, गाठी नसलेल्या दोन बोटं रुंद पट्ट्या २ मिलिमीटरवर आणून दहा-बारा द्या आणि मोडू द्या. चार मोडतील, पाचवी वळेल. ती वळली की तिचं एक कडं करायला सांगा, टोकं जुळवून. आमच्या दुकानात शनिवारी दुपारी पाइप तापलेला असतो, हवं तर घेऊन या. येताना त्याच्या मापाचे पातळ चामड्याचे हातमोजे आणा, वेल्डिंगचे जाड नकोत, त्यातून फळी कधी सैल पडली ते हाताला कळत नाही.